इंजिनावरचा आळ

४ मे

प्रिय मिस्त्री,

नमस्काराचा भाग तुझ्या धाकटीकडून, माझ्या मेहुणीकडून वसूल कर, मी थेट दुखण्यावर येतो. आपली व्हॅन आजारी आहे. 'आपली' म्हणतो, कारण कागदावर ती माझी असली तरी सीटखालचं तिचं इंजिन तूच उतरवलंस, तूच चढवलंस, आणि तुझ्याखेरीज कुणाच्या हाताला मी ते लागू दिलेलं नाही. देणारही नाही. इथे कोपऱ्यावर नवं गॅरेज झालंय. तिथला मालक कॉम्प्युटर लावून आजार सांगतो म्हणे. आपल्या गाडीला त्याची पिन लावायला जागाच नाही, हे कळल्यावर तो माझ्याकडे बघून असा हसला, जणू मी बैलगाडीच आणली होती. मी गाडी वळवून परत आणली.

तुझे कान शाबूत असते तर फोन सीटखाली धरला असता आणि तू दोन मिनिटांत निकाल दिला असतास. पेचकसाचं एक टोक इंजिनाला नि दुसरं कानाला लावून तू डोळे मिटायचास, ते अजून डोळ्यांपुढे आहे. पत्र्यावर हातोडे पडत राहिले आणि कान गेले. म्हणून आता आवाज लिहून पाठवण्याची पाळी माझ्यावर आली. बघ जमतं का.

आपल्या वर्गात गुरुजी टेबलावर पट्टी आपटून वृत्तं शिकवायचे, आठवतं? तू मागच्या बाकावरून पट्टीचाच ताल धरायचास, शब्द काही तुला शेवटपर्यंत पाठ झाले नाहीत. तर गाडी ठणठणीत होती तेव्हा उभ्या उभ्या भुजंगप्रयात म्हणायची: लगागा लगागा लगागा लगागा. चार सिलिंडर, चार गण. आता म्हणते, लगागा लगागा, मग एक खड्डा, मग लगागा. तिसरा गण गिळून टाकते. खड्डा आला की सगळी गाडी हबकते आणि आरशातला माझा चेहरा थरथरतो. मागून फट् फट् होतं, कच्च्या पेट्रोलचा वास येतो. जोर दिला की थोडं झाकलं जातं. चढावर मात्र मधेच थांबून गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या म्हाताऱ्यासारखी करते.

सुट्टी आहे म्हणून निभावतंय. शाळा जूनच्या मध्याला उघडेल. मोठ्या बाईंनी यंदा नियम काढलाय की गाडी आधी फाटकाशी आणून दाखवायची, त्यांनी हो म्हटलं तरच पोरं बसवायची. असली खोकणारी गाडी दाखवायची कशी? आणि पोरं बसली नाहीत तर सकाळी उठून मी जायचं कुठे, मिस्त्री? माझी थोरली गेल्यापासून घरात भिंतींशीच बोलणं, लेक दवाखान्यातल्या ड्युटीवर. सकाळी दार सरकवलं की ती चिल्लीपिल्ली चढतात, ज्याला जी कविता येते ती म्हणतात, अर्धी चुकतात, मी पुरी करतो. तेवढ्यासाठी रात्र काढतो रे मी.

काय बिघडलंय ते ओळख आणि लवकर लिही.

तुझा
कविराज

*

११ मे

कविराज,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा राग आला. इंजिन कसं चालतं विचारलं तर इंजिन सांगावं माणसाने, गुरुजींची पट्टी कशाला? लगागा मला तेव्हाही कळलं नव्हतं. खड्डा सारख्या अंतराने येतो, की मनाला येईल तेव्हा? गाडी तापली की वाढतो का? एवढं लिही.

मला वाटतं पेट्रोलमध्ये कचरा आहे. टाकी रिकामी कर, फिल्टर नवा घाल. तेवढ्याने भागलं नाही तर कार्बोरेटर उतरव, सुटे भाग पेट्रोलने धू, जेटची बारीक भोकं फुंकून काढ. तार घालून खरवडायचं नाही. सावकाश कर. कुणी मागे लागलेलं नाही.

प्लगना आणि त्यांच्या वायरींना हात लावू नकोस. ते मागच्या खेपेला मी नवे घातलेत. तुला शॉक बसला तर धाकटी मला घराबाहेर काढेल.

आमच्याकडे ठीक. कानात दिवसभर शिट्टी वाजते, बाकी शांतता आहे. धाकटी काय बोलते ते तिच्या हातवाऱ्यांवरून कळतं, आणि न कळलेलं बरं असतं.

एक बोलू? गाडीचं वय झालं आता. तिलाही कधीतरी बसू द्यावं.

मिस्त्री

*

१९ मे

प्रिय मिस्त्री,

खड्डा अगदी सारख्या अंतराने येतो, गुरुजींच्या पट्टीसारखा. (रागावू नकोस, दुसरा शब्द सुचत नाही.) गाडी थंड असो की तापलेली, फरक नाही.

तू सांगितलंस ते सगळं केलं. टाकी उपसली, फिल्टर बदलला. गुण नाही. मग कार्बोरेटर. पुढच्या खोलीत जुनी चादर अंथरून एकेक भाग काढला त्या क्रमाने मांडत गेलो, नाहीतर परत जुळवायचं कसं? इवले इवले पितळी तुकडे, उन्हात असे चमकत होते की लग्नघरी दागिने मांडलेत असं वाटावं. लेक दवाखान्यातून ड्युटी संपवून आली, पायातल्या चपला हातात घेऊन चादरीच्या कडेकडेने आत गेली. पूर्वीची असती तर म्हणाली असती, "बाबा, आज जेवायला स्क्रूच आहेत का?"

दोन दिवसांनी बसवला. गाडी लगेच सुरू झाली, जरा हलकी वाटली, आणि मी खूश होऊन सीटवर बसतो न बसतो तोच पुन्हा खड्डा. तिसराच.

लेकीचं म्हणशील तर ती माझ्यावर फुगून आहे. तुला कळवलं नव्हतं, कळवण्यासारखं काही नव्हतंच. परीक्षेच्या शेवटच्या दिवशी एक चिमुरडी मागच्या सीटवर झोपून गेली. बाकीची उतरली, ही राहिली. मला दिसली नाही. मी गाडी शाळेमागच्या मैदानात लावून घरी आलो. तिने काच वाजवली, वॉचमनने ऐकली, बाहेर काढली. जराशी घामेजली होती, एवढंच. मुलं झोपतातच. आपण नाही का गुरुजींच्या तासाला झोपायचो? पण लेकीने राईचा पर्वत केला.

एक बरं झालंय. गाडीचं मात्र ती आवर्जून विचारते. "काकांचं पत्र आलं? काय म्हणतात? सापडलं का काय ते?" त्या निमित्ताने का होईना, चार शब्द बोलते. गाडी आजारी पडली ते एका परीने फळलं म्हणायचं.

पुढचं सांग. शाळा जवळ येतेय.

तुझा
कविराज

*

२६ मे

कविराज,

सारख्या अंतराने असेल तर टॅपेट बघ. इंजिन पूर्ण थंड असताना वरचं झाकण काढ. प्रत्येक वॉल्व्हच्या डोक्यावर किती फट आहे ते पातीने माप. पाती सरकताना जराशी अडली पाहिजे, लोण्यात सुरी गेल्यासारखी जाता कामा नये. ढिलं असेल तिथे आवळ. हे नाजूक काम आहे, एका दिवसात उरकायचं नाही. प्लगचं मागे लिहिलंय ते लक्षात ठेव.

त्या पोरीचं लिहिलंस ते बरं केलंस. किती वेळ होती ती आत? तू लिहिलं नाहीस म्हणून विचारतो.

आणि ती कशी आहे आता?

मिस्त्री

*

३ जून

प्रिय मिस्त्री,

टॅपेट केले. रोज सकाळी दोन, तुझ्या हुकुमाप्रमाणे सावकाश. पाती कशी अडली पाहिजे ते तू लिहिलंस, आणि मला एकदम तुझा तरुणपणीचा हात आठवला. बोटांना डोळे होते तुझ्या. माझ्या बोटांना नुसतं वय आहे. झाकण लावलं, गाडी सुरू केली. टिकटिक थांबली, आवाज गोड झाला, आणि त्या गोड आवाजात तो खड्डा जास्तच बोचायला लागला. सुरेल गाणाऱ्याने नेमका एकच सूर गिळावा, तसं.

पोरीचं विचारतोस. मजेत असेल, मुलांना काय होतंय? आत किती वेळ होती हे घड्याळ लावून कोण बघतं? मी घरी आलो, जेवलो, जरा पडलो. उठून पोरांना सोडायला गेलो तोवर ती बाहेर होती. तुम्ही सगळे एकच गोष्ट धरून का बसता, मला कळत नाही. इतकी वर्षं इतकी पोरं नेली-आणली, कुणाच्या गुडघ्याला खरचटलं नाही, ते कुणी विचारत नाही.

मला एक सुचलंय. तूच ये. धाकटीलाही घेऊन ये. कान नसले म्हणून काय झालं, सीट उचलून नुसता तळवा ठेवलास तरी तुला कळेल. तू हात ठेवायचास आणि इंजिन शहाण्या मुलासारखं खरं बोलायचं. मी स्टेशनवर घ्यायला येतो. गाडी हबकेल वाटेत, तेवढं सोस.

मोठ्या बाईंचा निरोप आलाय, शाळा उघडण्याआधी गाडी दाखवून जा. मी म्हटलं, माझा मिस्त्री बघतोय, होईल. तुझ्या नावावर शब्द देऊन बसलोय.

तुझा
कविराज

*

७ जून

कविराज,

येणं जमणार नाही. गुडघे.

टॅपेटनेही गुण नाही म्हणजे वॉल्व्ह जळलाय. त्याला इंजिनाचं हेड उतरवावं लागेल. ते तुझ्याच्याने होणार नाही, आणि आता माझ्याच्यानेही नाही. दुसऱ्या कुणाला तू हात लावू देणार नाहीस. तर मग खरं ते ऐक. या गाडीत जीव उरलेला नाही.

मोठ्या बाईंना सांग, गाडीने साथ सोडली. कुणी तुला एका शब्दाने बोलणार नाही. सगळे हळहळतील. मुलं कागदाची फुलं करून देतील. मानाने खाली उतर. माझं एवढं ऐक.

मिस्त्री

*

११ जून

आदरणीय मिस्त्री यांस,

आपलं ७ तारखेचं पत्र मिळालं. ते हातात घेऊन मी गाडीत जाऊन बसलो. निरोप घ्यायला म्हणून. आपण मला नेहमी हसता की हा गडी सदा मागच्याच काळात हिंडत असतो. त्या दिवशीही हिंडायला गेलो.

आपण चौघं प्रथमच या गाडीतून निघालो होतो तो प्रवास मला आठवला. दोघी बहिणी मागे बसून आपल्या दोघांची नक्कल करत होत्या. वाटेत गाडी अशीच हबकायला लागली. आपण मला बाजूला थांबवायला लावलंत आणि उतरून सीट उचललीत. फिल्टर बघितला नाहीत. कार्बोरेटरला हात लावला नाहीत. इंजिन चालू ठेवून माझ्या हातात कोरडं फडकं दिलंत आणि म्हणालात, "कविराज, प्लगच्या वायरी एकेक करून उपट आणि परत लाव. जी उपटल्यावर इंजिन आणखी लंगडतं तो सिलिंडर जिवंत. जी उपटली तरी काही फरक पडत नाही, तो मेलेला." मला शॉक बसला होता आणि थोरली हसून हसून पाणी प्यायला उतरली होती. त्यानंतरही मी आपल्याला दुसऱ्यांच्या गाड्या बघताना कितीदा पाहिलं. आपण पहिलं काम हेच करायचात, प्रत्येक वेळी.

मला मात्र महिनाभर पेट्रोल उपसायला लावलंत.

मी फडकं घेतलं. पहिली वायर उपटली, गाडी बंद पडायला आली. दुसरी, तसंच. तिसरी उपटली आणि काही झालं नाही. चौथीला पुन्हा लंगडली. मग तिसरीचा प्लग पहिलीला घातला, पहिलीचा तिसरीला. वायरींचीही अदलाबदल केली. मेलेला तिसराच राहिला. म्हणजे ठिणगी वायरीपर्यंत पोचतच नव्हती. जिथून चारही वायरी निघतात ते डिस्ट्रिब्युटरचं काळं झाकण उघडून उन्हात धरलं. आत तिसऱ्या खुंटीपासून थेट कडेच्या पत्र्यापर्यंत एक काळपट रेघ. वाटलं, तडा गेला. नख फिरवलं, नख अडलं नाही. अंगठा फिरवला. अंगठा करडा झाला.

पेन्सिल.

हा रंग मला ओळखू येणार नाही का? उभं आयुष्य पोरांच्या बोटांवर, बाह्यांवर, सीटच्या कापडावर तोच बघत आलो. सीटच्या फटीत खोडरबरांना तोटा नाही, त्यातलं एक घेतलं आणि रेघ पुसली. गाडीने चारही गण म्हटले.

ठिणगीला पेन्सिलच्या वीज वाहणाऱ्या रेघेवरून पळवून लावायची ही युक्ती आपण एकदाच केली होती, गॅरेजच्या त्या कवडीचुंबक मालकाच्या मोटारीवर. आणि ती फक्त मला सांगितली होती. त्यावर आपण पोट धरून हसलो होतो.

लेक अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिला करडा अंगठा दाखवला. ती म्हणाली, "काकांना विचारा." बादलीत अर्धे कपडे तसेच सोडून आत गेली.

म्हणून विचारतो. का? माझं इंजिन मी आपल्याखेरीज कुणाला दाखवणार नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक होतं. दुसरा कुणीही मिस्त्री असता तर हे जमलं नसतं. नेमक्या त्याच गोष्टीवर आपण डाव लावलात.

गाडी उद्या मोठ्या बाईंना दाखवतो आहे.

आपला
(सही)

*

१५ जून

कविराज,

'आपण-बिपण' मला लिहू नकोस. शिव्या दे, त्या वाचता येतात.

तुझी लेक एप्रिलअखेर इथे आली होती. तुला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं. मला ऐकू येत नाही म्हणून पाटीवर लिहून लिहून सांगत होती. मी पुसायचो, ती लिहायची. काय लिहिलं ते आता तू वाच.

त्या पोरीने काच वाजवली नव्हती. ती बेशुद्ध होती. वॉचमन सावलीला म्हणून गाडीच्या आडोशाला बसायला गेला, त्याला आत दप्तर दिसलं, मग पाय दिसले. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. तिला आणली ती तुझ्या लेकीच्याच दवाखान्यात, तिच्याच वॉर्डात. तिने त्या पोरीच्या कपड्यांवर घामाने उतरलेला गाडीच्या सीटचा रंग ओळखला. पोर शुद्धीवर येईपर्यंत ती तिथून हलली नाही. मग पोरीच्या आईच्या पायाशी बसली. आई म्हणाली, तक्रार करत नाही, पण त्या माणसाने पुन्हा मुलं न्यायची नाहीत. वॉचमनला नोकरीची भीती, त्याने तोंड मिटलं. शाळेला कळलं नाही.

त्या दिवशी लेक घरी आली तेव्हा तू काय म्हणालास, ते तिने पाटीवर तुझ्याच शब्दांत लिहिलं: "मुलं झोपतातच." तिने तुला हात जोडले की गाडी सोडा. तू तिला कविता म्हणून दाखवलीस. पुन्हा हात जोडले, तू जेवण सोडलंस. मग ती माझ्याकडे आली. रडली नाही. तिने लिहिलं, "काका, गाडी बंद कशी पाडायची? मोडायची नाही, नुसती बंद."

मी पेन्सिल सांगितली. पुसली की जाते म्हणून सांगितली. वायर तोडायला सांगितली असती, प्लग फोडायला सांगितला असता. नाही सांगितलं.

गाडीवर आळ घेतला, तुझ्यावर येऊ नये म्हणून. लोक म्हणाले असते, गाडीचं वय झालं. तुझं झालं असं कुणी म्हणायला नको होतं, तुझ्या लेकीला नको होतं आणि मलाही. त्यात मी तुला पत्रातून विचारलं, किती वेळ होती ती आत. तू म्हणालास, घड्याळ कोण बघतं. तिथे तू खरं लिहिलं असतंस तर मीही लिहिलं असतं. तू लिहिलं नाहीस. मग मीही टॅपेटच लिहिले.

मी आजवर कुणाला खोटं इंजिन सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक कितीही मूर्ख असो. तुला सांगितलं. आता त्यावर काय म्हणायचं ते म्हण. तोंडावर सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का, ते आधी सांग.

शाळेत जाऊ नकोस. गेला असशील तर परत ये.

मिस्त्री

*

२४ जून

आदरणीय मिस्त्री यांस,

आपलं पत्र मिळालं त्याच्या आदल्या दिवशी शाळा उघडली.

गाडी मोठ्या बाईंनी पाहिली होती. त्या कान देऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जुनी असून किती शांत चालते हो." मला सन्मानपत्र मिळाल्यासारखं झालं. लेक रात्रपाळीला निघताना दारात थांबली, म्हणाली, "बाबा, जाऊ नका." मी सीट पुसत होतो, पुसत राहिलो. ड्युटीवर जाताना ती त्या पोरीच्या आईला सांगून गेली की गाडी पुन्हा सुरू झालीय. ते मला नंतर कळलं.

सकाळी नेहमीच्या रस्त्याने नेहमीच्या थांब्यांवर गेलो. पाय नेतात तसं गाडी नेते. त्या पोरीच्या थांब्यावर तिची आजी तिला घेऊन उभी होती. आई पहाटेच कामाला गेलेली; तिने सासूला नुसतं 'ऊन लागलं होतं' एवढंच सांगितलेलं. आजीबाई मला म्हणाल्या, "सून म्हणत होती व्हॅन बिघडलीय, बसवू नका, रिक्षा येईल. रिक्षाचा पत्ता नाही. आणि ही तर किती छान चालतेय. नीट झाली वाटतं?" मी म्हटलं, "झाली." त्यांनी पोरीला उचलून माझ्या शेजारी बसवलं, तिचा पट्टा लावला, मला नमस्कार केला.

मी गाडी काढली. पोरांना म्हटलं, हं, कोण म्हणतंय पहिली? सुट्टीत सगळं विसरून आलेली. मी एक ओळ सुरू करून दिली. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "आजोबा, मी आहे हं."

मला वाटलं, लाडात आलीय. मी म्हटलं, "हो ग बाळ, दिसतेस की." पुढच्या वळणावर पुन्हा, "आजोबा, मी आहे हं." सिग्नलला थांबलो, पुन्हा. कुणी चढलं की पुन्हा, चढणाऱ्याच्या गडबडीत मला ऐकू गेलं नसेल म्हणून जरा मोठ्याने. रडत नव्हती, घाबरलेली दिसत नव्हती. आईने रोज सांगितलेलं काम करावं तसं ते करत होती. मी ओळ सोडून दिली. मग सगळ्या रस्त्यात तेवढंच ऐकू येत होतं.

फाटकाशी सगळी उतरली. ती पायरीवर उभी राहिली, मी मान वळवून बघेपर्यंत हलली नाही. मी बघितलं. ती म्हणाली, "मी उतरले हं, आजोबा." आणि गेली.

गाडी तिथेच ठेवून मी मोठ्या बाईंकडे गेलो. म्हटलं, "बाई, मला आता जमणार नाही. इंजिनाने दगा दिला." त्या म्हणाल्या, "आत्ता तर छान आली की गाडी. मी खिडकीतून बघितली." मी म्हटलं, "आतून मिसिंग आहे, एक ठिणगी गळते. तुम्हाला ऐकू यायचं नाही." त्या म्हणाल्या, "जुन्या गाड्यांचं असंच असतं." आणि मला चहा दिला. सगळं आपण लिहिलं होतं तसंच झालं. त्यांनी हळहळही व्यक्त केली.

गाडी एका लाँड्रीवाल्याला दिली. त्याने एक फेरी मारली, म्हणाला, "काका, इंजिन एवढं झकास आहे, विकताय कशाला?" मी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

आता आपल्या प्रश्नाचं उत्तर. तोंडावर सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? बहुधा नसतं. भांडलो असतो, जेवण सोडलं असतं, आपल्याला नाही नाही ते बोललो असतो. पण ते आपलं भांडण झालं असतं, आणि त्या भांडणाचा आवाज त्या पोरीच्या आजीपर्यंत गेला असता. आपण, लेक आणि त्या पोरीची आई, तिघांनी आळ गाडीवर घेतलात, तो इतका चोख घेतलात, की त्या बाईला गाडी सुरू झालेली दिसल्यावर भिण्यासारखं काही उरलंच नाही. तिने नात आणून माझ्याच शेजारी बसवली. माझा मान तेवढा शाबूत राहिला.

सहा वर्षांची पोर. तिला माझ्या तोंडावर सांगता आलं. प्रत्येक वळणावर सांगता आलं. आपल्याला मी पत्रामागून पत्र लिहीत होतो, आपली माझी ओळख पाटी-पेन्सिलच्या वयातली, आणि आपण मला टॅपेट लिहिलेत.

लेक आता बोलते. मीच बोलत नाही, पण बोलेन कधीतरी, एका घरात राहायचं आहे. आपल्याशी तशी अडचण नाही. यापुढे पत्र पाठवू नये. आलं तर धाकटीच्या नावाने परत येईल. तिला माझे आशीर्वाद सांगावेत, तिचा यात काही दोष नाही.

आपला
नात्याने साडू